एका प्रकाशदिवसाला चार मीटर : यानवाटेच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर

आम्ही जिओकॅशिंगची एक वाट बनवतोय : डबे (जिओकॅश) लपवायचे, त्यांचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, आणि लोकांनी जीपीएसवर ते शोधून आतल्या वहीत सही करायची, असा हा खेळ. डब्यांच्या नावांची पहिली यादी आज खोडली. सिनेमा-मालिकांमधली गाजलेली यानं एकेका डब्याला वाटून द्यायची, असा मूळ बेत होता. ताईने कागद वाचला आणि म्हणाली, "झाकणावर यानाचं नाव लिहिलं की झाली थीम? आत तीच दमट वही आणि तीच बोथट पेन्सिल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आता नियम बदलला आहे. विशिष्ट यान घ्यायचं नाही, यानाची जात घ्यायची. विज्ञानकथांमध्ये माणसं ताऱ्यांकडे कशाकशाने निघतात? तोफेतून उडून, शिडावर उजेड झेलून, बर्फासारखी गोठून, पिढ्यान् पिढ्या यानातच जन्मून-मरून, अवकाश दुमडून. प्रत्येक डबा उघडताना शोधणाऱ्याला त्या जातीचं तत्त्व स्वतःच्या हातांनी वापरावं लागलं पाहिजे. ज्या कल्पनेला अशी करणी सुचणार नाही, ती बाद.

वाट ठरलेलीच आहे. गाडी लावायच्या मोकळ्या जागेपासून ओढ्याकाठाने झाडीत, तिथून बंद पडलेली दगडखाण, मग टेकडी, आणि शेतांच्या कडेने परत. ६.२ किलोमीटरचा फेरा. दोन जिओकॅशमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं हा खेळाचा नियम, त्या हिशेबाने इथे ३८ बसतील. आम्ही आठ ठेवणार. ओळीने डबेच डबे लावलेल्या वाटा मी चाललो आहे. तिथे माणूस सह्या करत सुटतो आणि आजूबाजूला काय होतं ते संध्याकाळी आठवत नाही.

१९ ऑक्टोबर

परवानग्या. खाण आणि टेकडी एकाच मालकाची. त्यांनी डबा म्हणजे काय ते हातात घेऊन पाहिलं आणि "ठेवा" म्हणाले. शेताकडची बाजू एका आजींची आहे, त्यांना पटवायला वेळ लागला. वेळ लागला ते बरंच झालं, कारण त्यांनी विचारलेले प्रश्न आमच्या यादीत नव्हते. फाटक उघडं राहिलं तर जनावरं बाहेर जातात, त्याला जबाबदार कोण? उभ्या पिकातून कोणी आडवं घुसलं तर? आणि मुख्य म्हणजे गडगा. दगडी गडग्यात डबा आहे अशी नुसती शंका आली तरी माणसं एकेक दगड उपसून बघतात आणि परत कसेही रचतात. दोन-चार पावसांनंतर तो भाग ढासळतो.

त्यामुळे ठरलं ते असं : गडग्यात काही नाही, गडग्यापासून दहा पावलांच्या आतही काही नाही, आणि शेताकडच्या प्रत्येक डब्याच्या वर्णनात पहिलंच वाक्य "डबा गडग्यात नाही". फाटकाबद्दलची सूचना वर्णनात आणि फाटकावरही. जमीन खणून पुरणं खेळाच्या नियमातच बसत नाही, हे ऐकून आजींचा चेहरा जरा सैल झाला.

२६ ऑक्टोबर

भाचीने विचारलं, "मामा, ही वाट खरी किती लांब आहे? म्हणजे यानांसाठी?"

मग आकडेमोड करत बसलो. सूर्य सोडून सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे सुमारे १,५४९ प्रकाशदिवस (प्रकाश एका दिवसात जेवढं अंतर जातो तो एक प्रकाशदिवस). तेवढं अंतर ६.२ किलोमीटरमध्ये बसवलं तर एका प्रकाशदिवसाला जवळजवळ बरोबर चार मीटर येतात. इतकं सुटसुटीत उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

या मापावर पृथ्वी सूर्यापासून सव्वादोन सेंटिमीटरवर. नेपच्यून सत्तर सेंटिमीटरच्या आत. आणि १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ जवळपास अर्धशतक सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने धावून पोचलं आहे चार मीटरच्या आसपास. मोकळ्या आकाशाखाली फोनमधल्या जीपीएसची चूक साधारण पाच मीटर असते. म्हणजे माणसाने सर्वांत दूर धाडलेली वस्तू आमच्या वाटेवर जीपीएसच्या चुकीत हरवून जाते.

भाचीला दुसरा आकडा जास्त आवडला. ताशी चार किलोमीटर चालणारा माणूस चार मीटर ३.६ सेकंदांत जातो. म्हणजे वाटेवर रमतगमत चालणाराही प्रकाशाच्या २४ हजार पट वेगाने चाललेला असतो.

या मापामुळे प्रकल्पाला कणा मिळाला. प्रत्येक डब्याच्या वर्णनात आता एक ओळ असणार : सुरुवातीपासून इथवर यायला या जातीच्या यानाला किती काळ लागेल. डबे वेगाच्या चढत्या क्रमाने लावायची इच्छा होती, पण जमीन ऐकत नाही. शिडाला ऊन हवं म्हणून टेकडी, गोठलेल्यांना सावली हवी म्हणून खाण.

२ नोव्हेंबर

तोफ. विज्ञानकथांमधलं फार जुनं वाहन. प्रचंड तोफ, त्यात गोळ्याऐवजी माणसं. ३०० मीटर लांब नळीतून बाहेर पडताना पृथ्वी सोडण्याचा वेग, म्हणजे सेकंदाला ११.२ किलोमीटर, गाठायचा तर प्रवाशांवर गुरुत्वाच्या २१ हजार पटींहून जास्त त्वरण येतं. चंद्रावर पोचेल तो लगदा.

पहिली कल्पना होती नळी आणि सायकलचा पंप. हवा भरा, डबी वर उडेल. अंगणात ती उडालीही, आणि ताईच्या चष्म्याच्या काचेला चाटून गेली. नळीत डोकावणं हा शोधणाऱ्याचा पहिलाच उद्योग असतो, त्यामुळे पंप तिथेच संपला.

मग पाणी. साठ सेंटिमीटरची पीव्हीसी नळी, आतला व्यास पन्नास मिलिमीटर, तळाशी ठेवलेली तरंगती डबी. वरून पाणी ओतलं की डबी सावकाश वर येते. माणसं जिवंत ठेवायची तर तोफही अशीच हळू उडवायला हवी, त्यामुळे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा बदल सुधारणाच आहे. तळाला तीन मिलिमीटरचं भोक, नाहीतर पाणी साचून त्यात डास होतील. ओतताना ते बोटाने दाबून धरायचं. सव्वा लिटरच्या आत काम होतं. डबी म्हणून बाटल्या फुगवण्याआधीची जाड प्लास्टिकची नळी वापरली, तिचं झाकण पक्कं बसतं. तळाशी एक नट टाकल्यावर ती उभी तरंगते, त्याआधी आडवी होऊन अडकत होती.

जागा : सुरुवातीपासून ४०० मीटर, ओढ्याजवळच्या जुन्या खांबाला पट्ट्याने बांधून. मापावर १०० प्रकाशदिवस. ११.२ किलोमीटरचा वेग कायम टिकला असं धरलं तरी इथवर यायला सात हजार वर्षांहून जास्त.

९ नोव्हेंबर

चक्र. फिरून कृत्रिम गुरुत्व निर्माण करणारं यान. हा डबा ताईचा, मी फक्त पकडायला.

रचना अशी. बुडाच्या मधोमध एक खुंट, खुंटाला चार बाजूंनी भोकं. झाकणात चार आडव्या खाचा, प्रत्येकीत सैल पितळी पिन. पिन आत सरकली की खुंटाच्या भोकात शिरते आणि झाकण अडकतं. डबा तिरका करून एक पिन बाहेर काढली तर समोरची आत घसरते, त्यामुळे हलवून-आपटून काही होत नाही. डबा सपाट ठेवून गरकन फिरवला की चारही पिना एकदम बाहेर फेकल्या जातात आणि झाकण उचललं जातं. कुठेही कुलूप नाही, किल्ली नाही. ज्याला फिरवायचं सुचत नाही तो अर्धा तास खुळखुळ्यासारखा वाजवत बसेल.

वर्णनासाठी हिशेब : २२४ मीटर त्रिज्येचं चक्र मिनिटाला दोन फेरे घेत असेल तर कडेला पृथ्वीइतकं गुरुत्व जाणवतं. त्रिज्या आठच मीटर असेल तर साडेदहा फेरे लागतात, शिवाय पायांपेक्षा डोक्याला कमी ओढ आणि मान वळवली की घेरी. लहानशा यानात गोल फिरणारी खोली दाखवणाऱ्या कथांनी ही घेरी सोयीने गाळलेली असते. आमचा आख्खा फेरा वाकवून एक चक्र केलं, तर ते ६३ सेकंदांत एकदा फिरायला हवं आणि कडेचा वेग सेकंदाला ९८ मीटर होईल.

२३ नोव्हेंबर

चक्राचं लाकूड पावसात फुगलं. अंगणात मुद्दाम उघड्यावर ठेवलं होतं. खाचा आवळल्या, पिना जागच्या हलेनात. ताईने काही न बोलता नवा डबा जाड ॲक्रिलिकमध्ये कापायला घेतला. खाचांना बाहेरच्या टोकाशी बारीक भोकं ठेवली आहेत, धूळ आणि पाणी तिथून निघून जावं म्हणून. आता फिरवल्यावर स्वच्छ "टक" ऐकू येतं. लाकडी डबा दिसायला कितीतरी सुंदर होता, हे मात्र नोंदवून ठेवतो.

३० नोव्हेंबर

अक्षांश-रेखांश घ्यायचं काम. मोकळ्यावर सोपं असतं : प्रत्येक जागी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दिशांनी चालत जाऊन आकडे घ्यायचे आणि सरासरी काढायची. अंश आणि दशांश मिनिटं अशी पद्धत. मिनिटाचा हजारावा भाग अक्षांशात १.८५ मीटर होतो, रेखांशात विषुववृत्तापासून दूर जाल तसा कमी. त्यामुळे शेवटच्या अंकावर फार जीव टाकण्यात अर्थ नाही.

खाणीत मात्र आकडे नाचतात. तिन्ही बाजूंना उभा कातळ. अर्धं आकाश झाकलेलं, आणि उपग्रहांचे संदेश कातळावर आपटून लांबच्या वाटेने येतात. जीपीएसचं सगळं गणित संदेशाला लागलेल्या वेळेवर, त्यामुळे वाट लांबली की जागा सरकते. २०,२०० किलोमीटरवरून बिनचूक आलेला संदेश शेवटच्या तीस मीटरमध्ये दगा देतो. एकदा तर फोनने मला कातळाच्या आत उभं केलं.

तोडगा : खाणीसाठी खरी जागा द्यायचीच नाही. खाणीच्या तोंडाशी, मोकळ्या आकाशाखाली, एक बिंदू द्यायचा आणि तिथून दिशा व पावलं. कथेत ते छान बसतं. यान कक्षेत उभं, खाली उतरायचं ते स्वतःच्या नजरेने.

भाचीला सांगितलं की मे २०००च्या आधी हा खेळ शक्यच नव्हता. नागरी वापराच्या संदेशात अमेरिकन सरकार मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. ती मिसळ बंद झाली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ओरेगॉनमध्ये पहिली बादली ठेवून तिचे आकडे जाहीर केले. "शंभर मीटर म्हणजे पंचवीस प्रकाशदिवस," ती म्हणाली. आता ती सगळं याच मापात मोजते. शाळा घरापासून किती प्रकाशवर्षं, वगैरे.

७ डिसेंबर

शीतनिद्रा. खाणीतला डबा. उष्णतेने रंग उडणाऱ्या शाईचा थर, त्याखाली चार अंकी कुलपाचा आकडा. तळव्याने झाकून धरलं की साधारण ३१ अंशांना काळा थर पारदर्शक होतो आणि अंक दिसतात, हात काढला की पुन्हा झोप. सुंदर चालतं. अडचण एकच : उन्हात ठेवलं तर प्रवासी आपोआप जागे होतात. म्हणून उत्तरेकडे तोंड असलेली, दिवसभर सावलीतली कपार शोधली आणि डबा दुहेरी भिंतीचा केला. कडक उन्हाळ्यात काय होईल ते तेव्हा कळेल.

१४ डिसेंबर

शीड. टेकडीच्या माथ्यावर, दोन टप्पे.

पहिल्या टप्प्यावर अरुंद, खोल नळी, तिच्या तळाशी कोरलेले दुसऱ्या टप्प्याच्या जागेचे आकडे. नळी अशा कोनात बसवली आहे की डोळा लावला तर डोक्याचीच सावली पडते. शेजारी बिजागरीवर छोटा आरसा. ऊन आरशात धरून नळीत सोडलं की आकडे उजळतात. भाचीने भिंग सुचवलं होतं, पण वाळक्या गवतात भिंग ठेवणं म्हणजे वणव्याला आमंत्रण. साधा सपाट आरसा, तोही वापरून झाल्यावर खाली मिटणारा. ढगाळ दिवशी टॉर्च आणा, असं वर्णनात लिहिलं.

या जातीबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, कारण ती कथेतून बाहेर येऊन खरोखर उडाली. पृथ्वीच्या अंतरावर सूर्यप्रकाश परिपूर्ण आरशाच्या एका चौरस मीटरला सुमारे नऊ मायक्रोन्यूटन रेटतो. जपानच्या इकारोस यानाने २०१० मध्ये सुमारे १४ मीटर बाजूचं चौकोनी शीड उलगडलं आणि त्यावर १.१२ मिलिन्यूटन रेटा मोजला गेला. एका ग्रॅमच्या जेमतेम नवव्या भागाचं वजन. पण इंधन संपत नाही आणि रेटा थांबत नाही. कथांमधल्या शिडाच्या यानांचा डौल थोडा फसवा असतो, कारण ती वाऱ्यावरच्या होडीसारखी झेप घेताना दाखवतात. खऱ्या शिडाला धीर लागतो. आरसा नेमका कोनात धरायला शोधणाऱ्यालाही तो लागेल.

२१ डिसेंबर

धक्का. यानामागे अणुबॉम्ब फोडत फोडत पुढे जायचं, ही कल्पना कथेतली वाटते. पण अमेरिकेत १९५८ पासून ओरायन नावाने तिच्यावर गंभीर काम झालं. टेड टेलर आणि फ्रीमन डायसन त्यात होते. लहान नमुना साध्या स्फोटकांवर उडवूनही पाहिला. १९६३च्या करारामुळे वातावरणात आणि अवकाशात अणुस्फोटांना बंदी आली आणि पुढे काम थांबलं.

डब्याची अडचण वेगळीच. नळकांडं, स्प्रिंग, जाड चकती, आणि वर "अणुस्पंद" असा मजकूर. अनोळखी माणसाला झुडपात हे सापडलं तर तो पोलिसांना बोलावेल आणि त्याचं बरोबरच असेल. जिओकॅशला बॉम्ब समजून रस्ते रिकामे केल्याचे प्रकार जगात घडले आहेत. म्हणून हा डबा पारदर्शक, आतली वही बाहेरून दिसणारी. धातूचं नळकांडं बाद, वायरचा तुकडासुद्धा नाही. आठही डब्यांवर ठळक लेबल : हा जिओकॅशिंग या खेळाचा डबा आहे, धोकादायक नाही, जमीनमालकाच्या परवानगीने ठेवला आहे, आणि संपर्क.

करणी : स्प्रिंगवरच्या चकतीला तळहाताने लयीत धक्के द्यायचे, प्रत्येक धक्क्याला आतली दातेरी पट्टी एक दात पुढे. घाई केली की पट्टी मागे घसरते.

४ जानेवारी

नरसाळं झटपट झालं. रॉबर्ट बसार्डची १९६० ची कल्पना : इंधन न्यायचंच नाही, चुंबकीय नरसाळ्याने वाटेतला हायड्रोजन गोळा करायचा. ताऱ्यांमध्ये घन सेंटिमीटरला जेमतेम एखादा अणू, म्हणून नरसाळं हजारो किलोमीटर रुंद हवं. आमच्यात काठीच्या टोकाला चुंबक, पारदर्शक वळणदार नळीत लोखंडी गोळी, आणि गोळीला बांधलेली वही. पुढे.

पिढी. सर्वांत मोठा डबा, चार लिटर, झाडीतल्या जुन्या खोडाच्या ढोलीत. ढोली रिकामी आहे ना ते आधी पाहिलं, वरच्या बाजूला घरटं आहे म्हणून खालची निवडली.

इथे करणीच सुचत नव्हती. पिढ्यांच्या यानाचं तत्त्व काय? निघालेला पोचत नाही आणि पोचणारा निघालेला नसतो. भाचीचं म्हणणं बिया ठेवू, प्रत्येकाने एक घ्यायची, एक ठेवायची. कल्पना गोड, पण खाण्याजोगं काही ठेवायला नियमात मनाई आहे, कारण वासाने प्राणी डबे फोडतात. शिवाय कुठल्या कुठल्या बिया या झाडीत आणून टाकायच्या, हे मलाच पटेना.

अखेर वहीच बदलली. यात सही नुसती करायची नाही. आधीच्या माणसाने तुमच्यासाठी एक काम लिहिलेलं असेल, ते करायचं, आणि पुढच्या अनोळखी माणसासाठी एक लिहायचं. तुमचं काम कोणी केलं की नाही हे तुम्हाला कळणार नाही. पहिलं काम आम्ही लिहिलं : "डावीकडच्या वाकड्या झाडाला जमिनीजवळ किती फांद्या आहेत ते मोजून इथे लिही."

यात भाचीचा ट्रॅकेबल बिल्लाही असणार, एका डब्यातून दुसऱ्यात फिरणारा आणि वरच्या क्रमांकावरून माग काढता येणारा. तिने विचारलं, असा बिल्ला खऱ्या यानात गेलाय का? गेलाय. रिचर्ड गॅरियटने ऑक्टोबर २००८ मध्ये एक अंतराळ स्थानकावर नेऊन ठेवला. आणि २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर, एका उपकरणाचं मापन तपासण्याच्या पट्टीत, शिरस्त्राणाच्या काचेचा जो तुकडा आहे त्यावर असाच ट्रॅकिंग क्रमांक कोरलेला आहे. त्यानंतर बराच वेळ ती बिल्ल्याकडे जरा आदराने पाहत होती.

११ जानेवारी

दुमड. प्रकाशाहून वेगाने जायची सोय. मिगेल अल्कुबिएरेने १९९४ मध्ये गणित मांडलं की यान जागचं हलवण्याऐवजी पुढचं अवकाश आकसवायचं आणि मागचं पसरवायचं. त्याला ऋण ऊर्जा लागते, ती कोणाकडे नाही. कथालेखकांचं त्यावाचून कधीच अडलं नाही, आमचंही अडू नये.

हा शेवटचा डबा, इतर सातांमधून एकेक अंक गोळा केल्यावरच त्याची जागा कळते. नकाशावर त्याचा दाखवायचा बिंदू वाटेच्या सर्वांत दूरच्या टोकाला. खरी जागा सुरुवातीपासून १७० मीटरवर. म्हणजे प्रत्येक जण सकाळी त्याच्या शेजारून गेलेला असणार. कोड्याच्या डब्याची खरी जागा दाखवलेल्या बिंदूपासून ३.२ किलोमीटरच्या आत हवी असा नियम आहे. आमचं अंतर वाटेने तीनच्या आसपास असलं तरी सरळ रेषेत खूप कमी भरतं, म्हणून बसलं. तोफेपासूनही पुरेसं लांब.

१८ जानेवारी

वर्णनं लिहिली, श्रेणी ठरवल्या. कठीणपणा आणि भूभाग दोन्ही एक ते पाच, अर्ध्याच्या पायरीने. भूभाग १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून पोचता येईल अशी जागा, त्यामुळे तो अंक सवयीने टाकायचा नसतो. आमच्या आठांपैकी फक्त दुमड त्यात बसते, तीही ताईने हात पोचण्याची उंची मोजून खाली घेतल्यावर. चक्राचा कठीणपणा ३ की ४ यावर घरात वाद. ताई ४ वर ठाम. बनवणाऱ्याचं ऐकायचं असतं.

दिशा आणि इशारे भाचीने तपासले. "वळणावरचा मोठा दगड" असं मी लिहिलं होतं. तिने विचारलं, "कुठल्या बाजूने येताना मोठा?"

२५ जानेवारी

रिव्ह्यूअरचं, म्हणजे प्रकाशित करण्याआधी डबे नियमात बसतात का ते तपासणाऱ्याचं, उत्तर आलं. सात ठीक, शिडाचा दुसरा टप्पा अडला. तिथून १६१ मीटरच्या आत दुसऱ्या कोणाच्या तरी कोड्याचं शेवटचं ठिकाण आहे. ते नकाशावर दिसत नाही, फक्त रिव्ह्यूअरला माहीत. कुठे ते तो सांगणार नाही, आणि सांगूही नये. त्याने फक्त "पूर्वेला सरका" एवढं सुचवलं. सरकलो. नळीतले आकडे नव्याने कोरावे लागले, पण नवी जागा उतारावर असल्याने तिथे बसून खालचा सगळा फेरा दिसतो. आधीच्या जागेवरून दिसत नव्हता.

१ फेब्रुवारी

सकाळी प्रकाशित. दुपारपर्यंत पहिली सही, एका जोडप्याची. रिकाम्या वहीवर पहिलं नाव लिहिण्यासाठी माणसं हातातलं काम टाकून निघतात, हे ऐकून होतो. त्यांची नोंद : तोफेजवळ पाण्याची बाटली आधीच पिऊन संपली होती, म्हणून बुटात ओढ्याचं पाणी आणलं. चक्र वीस मिनिटं वाजवलं, मग कंटाळून दगडावर ठेवताना ते आपोआप गिरकी घेऊन उघडलं. "दुमड" या शब्दाखाली त्यांनी फक्त एक शिवी लिहिली आहे, प्रेमाची. ती भाचीला दाखवलेली नाही.

१५ फेब्रुवारी

नोंदी येत आहेत आणि त्यातून बरंच कळतंय. तोफ सगळ्यांना आवडते. धक्का कोणाच्या लक्षात राहत नाही. लयीत मारा असं लिहूनही लोक मारत सुटतात आणि मग पट्टीला दोष देतात. बहुधा खूण हवी, ऐकू येणारी. ताईच्या डोक्यात पत्र्याची जीभ आहे, दर दाताला वाजणारी.

वर्णनातली काळाची ओळ लोक खरोखर वाचतात, हा मात्र अनपेक्षित आनंद. एकाने दुरुस्ती सुचवली : ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या १९७० च्या दशकातल्या डिडॅलस या यानाच्या आराखड्याचा उल्लेख धक्क्यात हवा. प्रकाशाच्या सुमारे १२ टक्के वेग, बार्नार्डच्या ताऱ्यापर्यंत सुमारे ५० वर्षं. बरोबर आहे, टाकला. बार्नार्डचा तारा सहा प्रकाशवर्षांच्या जरा आत, म्हणजे आमच्या मापावर ८.७ किलोमीटर. वाट संपून पुढे अडीच किलोमीटर, आजींच्या शेताच्याही पलीकडे.

पिढीच्या वहीत फांद्यांचा आकडा कोणी अकरा लिहिला, पुढच्याने खोडून बारा केला. कामांची साखळी तुटलेली नाही. "खोडाला कान लाव आणि ऐकलंस ते लिही." "इथून दिसणाऱ्या सर्वांत लांबच्या गोष्टीचं चित्र काढ." एकाने लिहिलं आहे, "पुढच्याने काहीही करू नये, पाच मिनिटं बसावं," आणि पुढच्याने खाली लिहिलं, "बसलो. चार मिनिटांनी मुंग्या आल्या."

१ मार्च

देखभाल फेरी. तोफेच्या तळाचं भोक पाचोळ्याने बुजलं होतं, आत जाळी बसवली. शीतनिद्रेची कपार अजून थंड आहे, पण शाईचा थर एका कोपऱ्यात विरळ झालाय. राखीव तुकडा घेऊन ठेवायचा. आरशाची बिजागरी घट्ट केली. ॲक्रिलिकवर ओरखडे आहेत, पिना मात्र सुरळीत. नरसाळ्याची काठी कोणीतरी नेली. नवी बांधली, या वेळी साखळीने.

आजींच्या फाटकावरची सूचना वाऱ्याने फाटली होती, तिथे पत्र्याची लावली. गडगा जसाच्या तसा आहे, त्यांनी स्वतः बोलावून दाखवला. वाटेच्या पुढे बार्नार्डच्या ताऱ्यासाठी एक डबा ठेवायचा म्हटलं, तर ती जमीन त्यांच्या भावाची निघाली. "मी विचारते त्याला," म्हणाल्या, "पण तो फाटकाबद्दल माझ्यापेक्षा कडक आहे."

भाचीचा बिल्ला पिढीत नाही. वहीत नेल्याची नोंद आहे, पुढे कुठे टाकल्याची अजून नाही. पत्र्याची जीभ पुढच्या आठवड्यात.